ताटलीने बेतलेल्या पोलक्याची बखर

श्री. विद्या व लक्ष्मी या उभय भगिनींस नमस्कार. त्यांत विद्येस अंमळ अगोदर, कारण तीस येण्यास फार दिवस लागतात. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली एका लहान राज्यात पोलक्याच्या मुंढ्यावरोन जी मोहीम जाहली, तिची हकीकत लिहून ठेवावी ऐशी चार मंडळींची मर्जी पडली, म्हणोन लिहिली आहे. लिहिणारास शिवणकाम येत नाही, सुईत दोरा ओवावयास तीन खेपा लागतात. सबब चूक दिसेल तेथे जाणत्यांनी उसवोन घ्यावे. त्या राज्याचे नाव सांगणे नलगे. बाजारपेठ एक, तळे एक, एस.टी.चे ठाणे एक आणि गल्ल्या दोन, इतकाच मुलूख. परंतु रीतभात मोठी. रीत ऐशी की, शेजारणीने वाटीभर काही धाडिले तर वाटी रिकामी परत करावयाची नाही. खीर आली तर लोणचे जावे, लोणचे आले तर लाडू जावे, घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी जावी. कित्येक वाट्या त्या राज्यात बारा बारा वर्षे फिरत आहेत आणि मूळ कोणाच्या हे आता कोणासही ठाऊक नाही.

ऐसे सुखे चालत असतां चैत्रमासी त्या राज्यावर चॅनेलांची लाट आली. परमुलखी गौरव सर म्हणोन एक उपदेशक, वय सत्तावीस, दाढी कोरीव, ते मोबाइलातून दर्शन देत आणि बोलत की, "मित्रांनो, शिकण्यात वर्षं घालवू नका. थेट शिकवायला लागा. समोरच्यापेक्षा एक पायरी वर असलात की पुरे. आणि नसलात तर निदान आवाज वर ठेवा." हा उपदेश लोकांस फार मानवला. मग निर्मलाबाई बेंद्रे यांनी चटण्यांचे चॅनेल स्थापिले, आणि पोस्टातून निवृत्त जाहलेले एक गृहस्थ मोबाइलच्या नंबरावरोन भविष्य सांगू लागले, आणि एकांनी झोपेत वजन उतरविण्याचे शास्त्र काढिले, ते स्वतः दिवसाही झोपत परंतु वजन होते तेथेच होते, आणि ज्यांस काहीच येत नव्हते त्यांनी चॅनेल कसे काढावे याचे चॅनेल काढिले. वर्षप्रतिपदेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चाळिसांवर चॅनेले उभी राहिली. मग वाटीची जी रीत तीच येथे लागू पडली: एकाने दुसऱ्याच्या व्हिडिओस अंगठा दिला की दुसऱ्याने पहिल्यास देणे, एकीने 'खूप सुंदर ताई' लिहिले की दुसरीने 'तुमचेही छान' लिहिणे. न द्यावा तर उद्या नळावर तोंड कैसे दाखवावे. ऐसे करितां सर्वांचे आकडे वाढले आणि जो तो मनी समजला की, जग आपणास पाहात आहे.

त्या राज्यात चारुशीलाबाई, वय एकतीस, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतील कारकून पद्मनाभराव यांचे कुटुंब. स्वभाव गोड, हात चपळ, धीर बेताचा. त्यांचे मनी फार दिवस होते की, आपली म्हणोन काही मिळकत असावी. साडीस फॉल लावावयाचा तरी नवऱ्यास पुसावे लागते, नवरा नाही म्हणत नाही, तरी पुसावे लागते. लग्नाअगोदर त्यांनी तीन महिन्यांच्या शिवणवर्गात नाव घातले होते. तेथे अकरा दिवस गेल्या, टीप मारावयास शिकल्या, काज शिकल्या, आणि बारावे दिवशी मुंढा शिकविणार तो घरी पाहुणे आले. पोलक्यास बाही जोडावयास खांद्यापासून काखेपर्यंत जी गोलाई कापतात तीस मुंढा म्हणतात, आणि पोलक्याचे सारे सुखदुःख तेथे असते. एक दिवस चुकला, मग तीन चुकले, मग जावयास लाज वाटू लागली, आणि ती विद्या अकराव्या दिवशीच थांबली. पुढे एकदा एस.टी.च्या ठाण्यासमोर माळवदे मास्तर म्हणोन वृद्ध शिंपी, वय चौऱ्याहत्तर, त्यांस बाईंनी पुसिले की, शिकावयास किती दिवस लागतील. मास्तर बोलिले, "दीड वर्ष. पहिले सहा महिने नुसतं काज-बटण." बाईंनी हे घरी येऊन सांगितले आणि घरात दोन दिवस हशा जाहला. तशांत गौरव सरांचा उपदेश कानी आला. मग बाईंनी मनसुबा केला, आपले चॅनेल स्थापिले आणि व्हिडिओ काढिला, त्याचे नाव 'पाच मिनिटांत ब्लाउज, माप न घेता'.

युक्ती ऐशी की, कापड चौपदरी घालावे, खांद्याच्या कोपऱ्यावर घरातील ताटली उपडी ठेवावी, खडूने भोवती रेघ मारावी आणि कापावे. मुंढा तयार. मग बाही जोडोन ते पोलके सासूबाई अनसूयाबाई यांस घातले, आणि दैवयोगे बसले. कारण अनसूयाबाई अंगाने भरलेल्या, दंड थोर, आणि ताटली नेमकी त्यांच्याच मापाची निघाली. त्या कॅमेऱ्यापुढे हात जोडोन उभ्या राहिल्या आणि "अगदी सैल आणि सुखाचं" ऐसे बोलिल्या, तेही खरेच होते. त्या व्हिडिओस दोनशे बारा मनुष्ये मिळाली. पद्मनाभराव कचेरीतून येतां पायताण काढितां काढितां पुसत, "काय सरकार, आज फौज किती?" आणि बाई म्हणत, "दोनशे बारा. हसा, हसा. हजार झाले की बघते कोण हसतं ते." हजार जाहल्यावर पैसा सुरू होतो ऐसे गौरव सरांनी सांगितले होते. परंतु आकडा काही केल्या पुढे हलेना. राज्यात माणसेच तितकी होती.

कार्तिक वद्य अष्टमीस दोनशे तेरावे मनुष्य आले. बाई पोहे निवडीत असतां मोबाइल वाजला आणि परक्या नावाने निरोप आला की: "ताई नमस्कार. मी सारिका. तुमचा व्हिडिओ सतरा वेळा बघून माझ्या लग्नातल्या शालूचा ब्लाउज शिवला. अंगात गेला पण हात वर होईना झालाय. वर केला की सगळा ब्लाउजच वर येतोय. लग्न बारा दिवसांवर आलंय. हार कसा घालू?" खाली आरशात काढिलेला फोटो. सडपातळ मुलगी, मोरपंखी रेशमाचे पोलके, एक हात वर करावयास गेलेली आणि कानापाशीच अडकलेली. बाईंचे हातातून सूप खाली आले. प्रथम भय वाटले, मग राग आला की, दोनशे बारा मनुष्यांनी उत्तम म्हटले, हिलाच कैसे चुकले, हिनेच काही वाकडे कापिले असेल. ऐसे मनी घेऊन पदर खोचोन शेजारी निर्मलाबाईंकडे गेल्या आणि पुसिले, "निर्मलाताई, माझ्या पद्धतीनं तुम्ही शिवून पाहिलंत ना? खूप उपयोगी म्हणून लिहिलं होतंत." निर्मलाबाई खोबरे खवीत होत्या. म्हणाल्या, "शिवून? माझ्याकडे मशीन कुठंय गं?" "मग उपयोगी कसं लिहिलंत?" "तू नाही का माझ्या लसणीच्या चटणीला तोंडाला पाणी सुटलं म्हणून लिहिलंस? खाल्लीस का कधी करून?" चारुशीलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे लसूण चालत नाही, ताई." "तेच तर. मी कधी काही म्हटलं का तुला?" ऐसे बोलोन निर्मलाबाईंनी खवलेल्या खोबऱ्याची वाटी त्यांचे हाती ठेविली. मग बाई ती वाटी घेऊनच दोन्ही गल्ल्या फिरल्या, आणि जेथे जेथे 'सुंदर' लिहिले होते तेथे तेथे पुसिले. कोणी शिविले नव्हते, कित्येकांनी पाहिलेही नव्हते. तेव्हां उमज पडला की, दोनशे बारा जणांनी रीत पाळिली, आणि भरवसा एकट्या सारिकेने ठेविला.

घरी येऊन बाईंनी गौरव सरांच्या मंडळीस लिहून पुसिले की, कोणी तक्रार केली तर काय करावे. तत्काळ जबाब आला, "डिलीट करा, ब्लॉक करा. निगेटिव्ह लोकांना जागा देऊ नका." हे फार सोपे होते. एक बोट टेकविले की सारिका या जगातून नाहीशी होणार, आणि चॅनेल स्वच्छ राहणार. बाईंनी बोट उचलिले आणि तसेच धरिले. तो नजर पुन्हा फोटोकडे गेली, आणि मुलीच्या मुखावरोन उतरोन पोलक्याच्या शिवणीवर गेली. टीप सरळ होती, बाईंच्या स्वतःच्या टिपेहून सरळ. गळ्याची दुमड ऐशी बारीक की डोळ्यास दिसू नये. मुलीचे हाती काही उणे नव्हते. उणे होते ते ताटलीत. मग बोट दुसरीकडे टेकवोन बाईंनी फोन लाविला. "सारिका? मी चारुशीला. ताटलीवाली." पलीकडून आवाज आला, "ताई, तुम्ही सवता फोन केलासा?" बाई म्हणाल्या, "टीप फार छान आहे गं तुझी." "टीप बरी हाय वो, हात तेवढा वर होईना." बोलण्यातून कळले की, ती दक्षिणेस डोंगरमुलखी काजूच्या कारखान्यात काजू सोलावयास जाते, आणि दीड वर्ष शिल्लक टाकोन शालू आपला आपण घेतला, घरच्यांस एक रुपया मागितला नाही. हे शेवटले ऐकोन बाईंस कोठेतरी आत लागले. म्हणाल्या, "मी बघते. लग्नाआधी करते काहीतरी." फोन ठेविला तेव्हां काय करणार हे त्यांस ठाऊक नव्हते.

मग माळवदे मास्तरांचे दुकानी गेल्या. मास्तर चष्म्यावरून पाहात बोलिले, "या वहिनी. शिवून घ्यायला आलात की व्हिडिओ काढायला?" बाईंनी मोबाइलातला फोटो पुढे केला. मास्तरांनी तो हातभर लांब धरिला, मग जवळ आणिला. "ह्याला कापलंय कशानं?" "ताटलीनं." "कसली ताटली?" "स्टीलची." "जेवायची?" "हो." मास्तरांनी चष्मा काढिला, सदऱ्यास पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाले, "मुंढा चुकला म्हणून माझ्या बापानं मला कैचीच्या मुठीनं मारलंय. ताटल्या घरात सहा होत्या, पण त्यांना सुचलं नाही." मग कागद ओढोन पेन्सिलीने रेघ काढिली आणि सांगितले की, "माणसाचा हात पुढं जातो, म्हणून पुढचा मुंढा आत कोरायचा, मागचा कमी. तुमच्या ताटलीला पुढं-मागं आहे का?" "नाही." "आणि पोरगी बारीक, मुंढा उतरलाय कुठवर बघा. हात वर केला की ब्लाउज पाठोपाठ येणारच." बाईंचे डोळे भरोन आले. ते पाहोन मास्तर मऊ पडले आणि बोलिले, "धाडायला सांगा. उरल्या कापडाच्या कतरणी टाकल्या नसतील तर काखेखाली जोड भरून मुंढा वर घेऊ. दोन तासांचं काम आहे, मी देतो करून."

बाईंचे जिवात जीव आला. नमस्कार करोन निघाल्या, पायरी उतरल्या, आणि तेथेच उभ्या राहिल्या. मनी आले की, ती मुलगी म्हणेल ताईंनी केले, आणि चार मैत्रिणींस सांगेल की ताईंस येते, आणि पाचवी मुलगी आणखी एक शालू कापील. पुन्हा वर आल्या. "मास्तर, मला शिकवाल?" "बारा दिवसांत?" "बारा दिवसांत." "मुंढा बारा दिवसांत येत नाही, वहिनी. मला दीड वर्ष लागलं, आणि मी हुशार होतो." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचा नको. तिच्या एकटीचा." मास्तर फार वेळ पेन्सिल कानावर ठेवीत आणि काढीत राहिले. मग बोलिले, "एका माणसाचा येईल कदाचित. उद्या नवाला या. मोबाइल घरी ठेवून यायचा."

दुसरे दिवसापासोन चारुशीलाबाई दुकानी बसो लागल्या. पहिले दिवशी जुन्या वर्तमानपत्रांवर वीस मुंढे कापिले. मास्तरांनी एकेक उचलोन नाकाशी धरिला आणि वीसही टोपलीत टाकिले. दुसरे दिवशी तीस कापिले, त्यांत एक टोपलीत न टाकिता गुडघ्यावर ठेविला आणि थोड्या वेळाने तोही टाकिला. घरी पद्मनाभराव कुरकुरले की, "पेपर उघडावा तर पानापानाला भोक. मुख्यमंत्र्यांच्या भाषणातून पलीकडचं हवामान दिसतंय." परंतु सायंकाळी शेजाऱ्यांकडील रद्दी आपण होऊन मागोन आणिली, आणि आपला एक चांगला पांढरा सदराही सरावास दिला. तिसरे दिवशी एस.टी.च्या चालकाहाती सारिकेचे पोलके आले, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि समागमे लहान पुरचुंडीत सर्व कतरणी. तिच्या मातोश्री लग्नाच्या कापडाचा दोराही टाकू देत नसत, त्यांचे हे उपकार. बाईंनी ब्लेड घेऊन पहिला टाका उसविला. तेव्हां मास्तर दुसरीकडे पाहात होते. मग तैसा जोड प्रथम जुन्या धोतरावर बसवोन पाहिला, मग सदऱ्यावर, मग चादरीवर, आणि दहावे दिवशी रेशमावर. तो जोड मास्तरांनी उलटापालटा पाहिला. "सुबक आहे," म्हणाले, आणि बाई सुखावल्या, आणि मास्तरांनी तो सबंध उसविला. "सुबक आहे, पण चूक आहे. पुढचा मागे गेलाय." बाई जेवावयास घरी गेल्या नाहीत. दुपारी पुन्हा बसविला. या वेळी मास्तरांनी उसविला नाही. बोलिले, "आता बरा वाटतोय. पण अंगावर घातल्याशिवाय मुंढा खरा म्हणू नये. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मी अजून मापला नाही. तुम्ही स्वतः जा." "तुम्ही चला ना, मास्तर." "पाच तास एस.टी.त बसलो तर मलाच जोड द्यावा लागेल."

निघावयाचे अगोदर बाईंनी तो व्हिडिओ चॅनेलासकट काढोन टाकिला. दोनशे तेरा मनुष्ये एका बोटासरशी गेली, आणि राज्यात कोणास कळलेही नाही. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस कूच केले. समागमे पोलके, कैची, ब्लेड, दोऱ्याची रिळे दोन आणि अनसूयाबाईंनी दिलेला दशम्यांचा डबा. दोन प्रहरी डोंगरमुलखी पोहोचल्या, मांडवात गेल्या, तो मुलीस हळद लागोन घटका जाहली होती. हातापायांस, मानेस, केसांसही. बाई म्हणाल्या, "एकदा घालून बघतेस का?" तो सारिकेची मावशी हौसाबाई मध्ये आली. "हळदीच्या अंगानं शालूचा ब्लाउज घालती व्हय? डाग पडला तर धुवायला ती ताटलीवाली बाई येणार हाय का?" सारिका बोलिली, "मावशे, ह्याच त्या." हौसाबाईंनी बाईंस नखशिखान्त पाहिले. "ह्या व्हय," म्हणाल्या, आणि मग, "बसा की मग. जेवलासा का न्हाई?" आता दुसरे दिवशी सकाळी न्हाणे होईल तेव्हांच पोलके अंगावर चढणार, आणि मुहूर्त बारा वाजोन पस्तीस मिनिटांचा. बाईंस जेवण गेले नाही. पंक्ती उठल्यावर सारिकेस बाजूस बोलावोन म्हणाल्या, "सारिका, तुला एक सांगायचं होतं. मला तेव्हा मुंढा येत नव्हता. तसाच व्हिडिओ केला मी." सारिका बोलिली, "ठावं हाय." "कधी कळलं?" "हात वर झाला न्हाई तवाच." "मग शिव्या का नाही दिल्यास?" सारिका म्हणाली, "शिव्या दिऊन ब्लाउज बसला असता तर दिल्या असत्या की, ताई."

पंचमीस सकाळी सात वाजता मुलगी न्हाऊन आली, आणि पोलके घातले, आणि खोलीत आत्या-मावश्या भिंतीस टेकोन उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "उजवा वर कर." उजवा हात वर गेला, आणखी वर गेला, पोलके जागचे हलले नाही. "आता डावा." डावा कानापर्यंत गेला आणि अडकला. मग हौसाबाई म्हणाल्या, "एक तर बसला की. एकाच हातानं घाल हार, दुसऱ्यानं नवऱ्याला धर." आणि हशा जाहला, सारिकाही हसली, परंतु तिच्या डोळ्यांत पाणी होते. चारुशीलाबाईंनी दुकानी फोन लाविला. तेथे घंटा वाजत राहिली, कारण मास्तर नऊ वाजल्याखेरीज दुकान उघडीत नसत. तेव्हां त्या परमुलखी, बारा बायका पाहात असतां, बाई एकट्या पडल्या. क्षणभर वाटले, पुढील एस.टी. कितीची आहे ते पाहावे. मग म्हणाल्या, "सारिका, दोन्ही हात खाली सोड आणि नुसती उभी राहा. श्वास सोड." आणि चार पावले मागे सरोन पाहिले. नऊ दिवस कागद पाहिले होते, सदरा पाहिला होता, चादर पाहिली होती, माणूस आता पाहिले. डावा खांदा उजव्याहून एक बोट खाली होता. "डाव्या खांद्यावर काय उचलतेस गं?" "पाण्याची घागर. आठवीत असल्यापासनं." "तुला माहीत होतं, हा खांदा उतरलाय?" "न्हाई वो. कुणी बघितलाच न्हाई."

मग बाईंनी ब्लेड घेतले आणि डावी बाही सबंध उसविली. एक आत्या पुटपुटली, "शिवायला आलीया का उसवायला?" बाई उठोन शेजारच्या घरी पायाचे मशीन होते तेथे जाऊन बसल्या, खांद्याची शिवण बोटभर वर घेतली, पुढची गोलाई हाताने कोरिली, बाही टाचणीने लाविली, पुन्हा काढिली, पुन्हा लाविली. सुईत दोरा ओवू गेल्या तो दोन खेपा जाईना. तेव्हां हौसाबाई, ज्या मागोमाग आल्या होत्या, म्हणाल्या, "द्या हिकडं," आणि दोरा ओठाशी नेऊन एका खेपेस ओविला. नंतर तेथून हलल्या नाहीत, मशीनच्या कडेस बसोन माश्या वारीत राहिल्या, आणि कोणी आत डोकावले की, "मुहूर्त तुझ्या बापाचा हाय का? हो भाईर," ऐसे म्हणोन दार राखिले. अकरा वाजोन वीस मिनिटांस काम पुरे जाहले. पोलके घातले. डावा हात वर गेला. मुलीने तो खाली घेतला आणि आपण होऊन पुन्हा वर केला, मग दोन्ही केले, मग हसू लागली आणि करीतच राहिली, तेव्हां हौसाबाईंनी, "आता काय उडतीस का काय," म्हणोन तीस शालू नेसावयास बसविले.

मुहूर्तावर अंतरपाट दूर जाहला आणि सारिकेने हार उचलिला, तो वराचे मित्रांनी रीतीप्रमाणे वरास खांद्यावर घेतले. वर आधीच उंच, वरोन मित्र दांडगे. तो मांडवाच्या छतास टेकला. मुलीकडील बायका ओरडल्या, "वाक की रं, दादा," तरी तो वाकेना. चारशे माणसे वधूचे मुख पाहात होती, आणि एक चारुशीलाबाई खांबाआड उभ्या राहोन काख पाहात होत्या. सारिकेने टाचा उचलिल्या आणि दोन्ही हात वर केले, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, जितके मनुष्याचे जातात तितके, आणि हार वरोन फेकोन नेमका गळ्यात घातला. पोलके तसूभर हलले नाही. बाईंनी खांबास पाठ टेकिली आणि तेथेच खाली बसल्या, आणि ताशेवाल्यांच्या गलक्यात थोडा वेळ रडल्या, ते कोणी पाहिले नाही.

जेवणे जाहल्यावर हौसाबाई विड्याचे पान घेऊन आल्या आणि जवळ टेकल्या. "बाई, माझाबी एक शिवशीला का? फाल्गुनात पुतण्याचं लगीन हाय. ताटली न्हाई लागत न्हवं?" चारुशीलाबाईंनी पिशवीतून टेप काढिली. "उभ्या राहा, मावशी. मापं घेऊन जाते. पण कधी देईन ते विचारू नका." हौसाबाई हात पसरोन उभ्या राहिल्या आणि खोलीतल्या बायकांस म्हणाल्या, "आता पटलं. खरा शिंपी हाय ही."

एवढी मोहीम. खर्ची पडली ती दोनशे तेरा मनुष्ये, एक पांढरा सदरा आणि कार्तिकमासीची सर्व वर्तमानपत्रे. मुलूख हाती आला तो वीतभर, एका मुलीच्या दोन काखांखालचा. त्या राज्यातील बहुतेक चॅनेले दिवाळीनंतर आपोआप निजली. चटण्यांचे मात्र चालू आहे, कारण निर्मलाबाईंस चटण्या खरोखर येतात. गौरव सर हल्ली घोडेपालन शिकवितात ऐसे ऐकिले, खरे खोटे ठाऊक नाही. चारुशीलाबाई नवाच्या ठोक्यास मास्तरांचे दुकानी जातात आणि काज-बटण करितात. मिळकत थोडी आहे, परंतु फॉल लावावयास कोणास पुसावे लागत नाही. हौसाबाईंचे पोलके अद्याप मास्तरांच्या खुंटीस आहे, डावा मुंढा व्हावयाचा आहे, आणि त्यांचा फोन दर सोमवारी येतो.